रकाना क्रमांक सात

यंत्राचा दात दगडाला लागला
तेव्हा वार मंगळवार होता आणि पेठ शुक्रवार.
मला फोन आला : मॅडम, नकाशा घेऊन या,
खाली कोणाचं तरी काहीतरी सापडलंय.

पुण्यात हे नेहमीचंच.
कुंडीसाठी माती उकरली तरी खापर निघतं,
आणि खापर निघालं
की त्याचे दोन पक्ष निघतात.

नकाशात तिथे एक केबल होती, एक ड्रेनेज,
आणि पेन्सिलीची तुटक रेघ. रेघेशेजारी
कोणीतरी मोडीत लिहिलेला, मला न लागणारा शब्द.
केरबा ढमढेऱ्यांनाही मोडी येत नाही.
ते चपला काढून खड्ड्यात उतरले.
चुन्यात बांधलेला नळ, माणूस वाकून जाईल एवढा,
तळाला चार बोटं पाणी.
ओंजळभर तोंडात घेतलं, गुळणी केली, थुंकले.
'कात्रजचं,' म्हणाले,
बाजारात बोलीवरून आपल्या गावचा माणूस ओळखावा तसं.

एकतीस वर्षं चावीवाले आहेत केरबा.
पहाटे साडेतीनला सायकलला आडवी बांधलेली
खांद्याएवढी लोखंडी चावी.
नारायण पेठेला साडेचार, गंजाला पाच,
रास्ता पेठ भांडते, म्हणून तिला दहा मिनिटं जादा.
हे कुठल्याच कागदावर नाही.
पेठा जाग्या होतात, नळ सोडतात,
आणि प्रेशर नाही म्हणून त्यांना शिव्या देतात.

पलीकडे हुसेनी बागवानांचा केळ्यांचा गाडा
ज्या दगडी खांबाला रात्री साखळीने बांधतात
तो खांब नाही, उच्छ्वास आहे.
एवढ्या लांबून येताना पाण्याला धाप लागू नये
म्हणून कोणा गवंड्याने ठेवलेलं नाक.
बागवानांना इतकंच ठाऊक
की त्या बाजूची केळी
एक दिवस उशिरा काळी पडतात.

संध्याकाळी जाणकार आले.
एकाने ताम्रपट काढला : तेव्हा आपण पुनक होतो,
त्याआधी पुण्य की नंतर, यावर थोडं तापलं.
दुसरे म्हणाले, हा नळ म्हणजे काल-परवाचा,
खरं जुनं पुणं कसब्याच्या टेकाडाखाली, अजून झोपलेलं.
तिसऱ्यांनी खड्ड्याकडे पाठ करून फोटो घेतला.
केरबा एकच विचारत होते :
'पण याची चावी कोणाकडं असायची?'

कोणी ऐकलं नाही.
दान देणाऱ्याचं नाव तांब्यावर,
बांधवून घेणाऱ्याचं बखरीत,
आणि रात्री उठून पाणी सोडणाऱ्याचं
फार तर हजेरीपटावर.
हजेरीपटाला कसर लागते.

माझ्याकडे फॉर्म होता. वय : अंदाजे. लांबी : अज्ञात.
रकाना क्रमांक सात : वापर, चालू / बंद,
लागू नसेल ते खोडा.
साहेब म्हणाले, बंद करून टाका, काम अडतंय.
केरबा म्हणाले, 'बाई, वाहतंय की.'
एवढंच. मग ते पाय धुऊन
चपला शोधायला गेले, एक सापडली.

मी दोन्ही शब्द तसेच ठेवले.
खाली सही केली, तारीख घातली,
पावणेदोन हजार वर्षांच्या गावात
पंचवीस वर्षांच्या नोकरीला शोभेल अशी.

पत्रे अजून तिथेच आहेत.
केळ्यांचा गाडा चार पावलं सरकलाय.

आज पहाटे घरचा नळ सोडला.
आधी तो खोकला, मग बराच वेळ नुसती हवा,
गार, ओल्या दगडाच्या वासाची.
मी तिच्याखाली बोट धरून उभी राहिले.
बाहेर कुठेतरी सायकल गेली.
मीटर फिरत होता.